उपविधीत न लिहिलेली अट

लोह्यात पूर्वी घर शोधताना माणसं आधी गल्ली विचारायची. लिंगायत, माळकरी किंवा मारवाडी शेजार मिळाला की शाकाहारी घराची काळजी मिटायची. सोसायट्या आल्या आणि हा विषय सभेत आला.

तसा तो जुनाच. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी तत्त्वावर घरं उभी केली, ती ज्ञातिबांधवांसाठीच.

आपल्या स्थापनेच्या वेळीही 'फक्त शाकाहारी' असं लिहून घ्या, असा आग्रह झाला. मी माळकरी घरातला, तरी विरोध केला. बदलीच्या गावी घरमालक आधी विचारायचे, "साहेब, खाता काय?" मला किल्ली मिळाली, आमच्या शिपायाला नाही मिळाली. शिवाय माळेगावचा खंडोबा आपला. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवणारं आणि नवसाला बोकड बोलणारं घर कित्येकदा एकच असतं!

सहकार कायद्याचं कलम २३ खुलं सभासदत्व सांगतं. गुजरातच्या कायद्यातही तसंच होतं, तरी २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका सोसायटीचा 'सभासद पारशीच' हा उपविधी वैध ठरवला. ते कात्रण घेऊन एक सभासद सभेला आले. वाचून झालं, चहा झाला, आपला उपविधी तसाच राहिला. जिन्यात हाडं-काटे टाकायचे नाहीत, एवढं मात्र तोंडी ठरलं. तेवढं सगळे पाळतात.