भिंतीवरचा कारकून

कारकून म्हटला की तो खुर्चीवर बसलेलाच असणार, असा एक समज आहे. पण भिंतीवर बसणारा एक कारकून जगभरच्या कचेऱ्यांत, इस्पितळांत आणि सिनेमागृहांत वर्षानुवर्षं कामाला आहे. त्याचं नाव थर्मोस्टॅट. काम अगदी आमच्यासारखंच. दोन आकडे घ्यायचे, एक साहेबांना हवा असलेला आणि एक खोलीत खरोखर असलेला, आणि त्यांची टॅली करायची. जुळले तर गप्प बसायचं. नाही जुळले तर गच्चीवरच्या किंवा तळघरातल्या दांडग्या यंत्राला सांगायचं, ऊठ बाबा, तुझं काम निघालं.

अलीकडे हा कारकून बोलू लागला आहे, आणि तेही सांकेतिक भाषेत. ऐन मे महिन्यात, पेन्शनची रांग दारापर्यंत गेलेली असताना, पडद्यावरचा २४ हा आकडा नाहीसा होतो आणि तिथे 'ई-१' उमटतं. म्हणजे काय ते कुणालाच कळत नाही. मॅनेजर बटणं दाबतात, अकाउंटंट डबीला टिचकी मारतात, रांगेतले एक आजोबा 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणतात. आजोबांचं बरोबर आहे. त्यांच्या वेळी काय होतं ते पाहायला मात्र जरा लांब जावं लागेल.

या खात्यातली पहिली नोंद कॉर्नेलिस ड्रेबेल या डच गृहस्थाच्या नावावर आहे. जन्म १५७२, मृत्यू १६३३. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयाला हा होता. थेम्स नदीत पाण्याखालून जाणारी होडी याने चालवून दाखवली. याला अंडी उबवायला ऊब हवी होती, पण भट्टीपाशी रात्रभर जागत बसणार कोण? म्हणून त्याने नळीत मद्यार्क आणि पारा भरला. भट्टी तापली की मद्यार्क फुगे, पारा वर चढे, पाऱ्यावरची दांडी उचलली जाई आणि भट्टीची हवा कोंडे. निवली की उलट. कोंबडीची बदली झाली, तीही जागेवर दुसरं माणूस न देता! एवढं करून हा माणूस म्हातारपणी लंडनमध्ये दारूचं दुकान चालवत होता. संशोधकांना पेन्शन लागू नसावी.

'थर्मोस्टॅट' हे नाव दिलं ते अँड्र्यू युअर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने, १८३० च्या पेटंटात. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडायच्या. उष्णतेने एक जास्त ताणते, एक कमी, त्यामुळे जोडी वाकते आणि वाकता वाकता झडप बंद करते. (नवराबायकोचा विनोद इथे सुचण्यासारखा आहे, पण हा लेख घरीही वाचला जातो.) हे युअरसाहेब मोठे विलक्षण होते. १८१८ मध्ये त्यांनी ग्लासगोत फाशी दिलेल्या एका खुन्याच्या प्रेताला विजेचे झटके देऊन हातपाय हलवून दाखवले होते. पुढे त्यांनी गिरण्यांची थोरवी गाणारं पुस्तक लिहिलं. मेलेल्याला हलवायचं आणि जिवंत मजुराची गरज कमी करायची, असा त्यांचा एकूण उद्योग दिसतो.

पण खरी गोष्ट वॉरन जॉन्सन या मास्तरांची. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये व्हाइटवॉटर गावच्या अध्यापक विद्यालयात हे शिकवत. तिथली थंडी म्हणजे शाई गोठावी अशी. वर्ग तापवायची भट्टी तळघरात. ती वाढवायची की कमी करायची हे ठरवायला शिपाई दर तासाला वर्गात येई, तापमान पाही आणि खाली जाऊन भट्टीची झडप हलवी. मास्तरांचा ऐन रंगात आलेला धडा त्यामुळे तुटे. मास्तरांनी तक्रारअर्ज केला नाही, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी १८८३ मध्ये एका उपकरणाचं पेटंट घेतलं. वर्गात तापमान बदललं की विजेने तळघरात घंटा वाजे, आणि शिपाई खालच्या खाली झडप हलवी.

माझ्या मते जगातला पहिला एरर कोड तो हाच. घंटा वाजली की झडपेचं काम आहे, एवढा साधा. आणि तो ऐकणारा माणूस घंटेच्या शेजारीच बसलेला!

मास्तर तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं, असं शिपायाला वाटलं असेल. १८८५ मध्ये मास्तरांनी मिलवॉकीला कंपनी काढली, आणि १८९५ मध्ये दाबलेल्या हवेच्या बारीक नळ्यांनी एकेका खोलीची झडप आपोआप उघडायची-मिटायची तजवीज केली. घंटा ऐकायला माणूस लागेना.

आमच्या शाखेत यंत्र यायच्या आधी हे काम शिपाईमामांकडे होतं. कॅशियरच्या कपाळावर घाम दिसला की ते पंख्याचा रेग्युलेटर एक घर पुढे करत. कुणी म्हातारी पदर डोक्यावरून घेताना दिसली की एक घर मागे. सेटिंग विचारायला ते कुणाच्या टेबलाशी आले नाहीत. मामा निवृत्त झाले त्या दिवशी नारळ-शाल झाली, भाषणं झाली, मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची जागा पुढे भरली गेली नाही. भिंतीवर डबी आली.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १८८५ मध्येच आल्बर्ट बट्झने मिनिआपोलिसला घरगुती भट्टीची झडप साखळीने उघडणारं यंत्र केलं. त्याची कंपनी पुढे हातोहात होत हनीवेल झाली. १९५३ मध्ये हनीवेलने हेन्री ड्रायफस यांच्या हातचा गोल थर्मोस्टॅट काढला. आत काचेच्या कुपीत पाऱ्याचा थेंब, तो कलंडला की यंत्र सुरू. या थेंबाने कुणाला कधी ई-१ दाखवलं नाही. मात्र बिघडला तर तो बिघडला आहे हेही त्याने सांगितलं नसतं.

नव्या डबीत पारा नाही, इवलासा सेन्सर आहे. पुष्कळ ठिकाणी तो असा असतो की २५ अंशांना विजेला दहा हजार ओहम अडवतो, उष्णता वाढली की कमी अडवतो आणि थंडी वाढली की जास्त. आता समजा उंदराने त्याची वायर कुरतडली. वीज अजिबातच जाईना. कारकुनाच्या हिशेबाने खोलीत उत्तर ध्रुव अवतरला! सरळमार्गी कारकून हीटर पेटवून मोकळा झाला असता. म्हणून त्याला शिकवलेलं असतं की आकडा अशक्य वाटला तर त्यावर विश्वास ठेवू नकोस, काम थांबव आणि कोड लिही. आमच्याकडे न जुळणारी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात, तसंच हे. ई-१ ही यंत्राने दिलेली कबुली आहे, 'माझ्या माहितीवर माझाच भरवसा नाही.' इतकी प्रामाणिक टिप्पणी मी कुठल्याही फायलीत वाचलेली नाही.

अडचण एकच, हे कोड सगळ्या कंपन्यांचे सारखे नाहीत. एकीचा ई-१ सेन्सरचा, तर दुसरीचा बाहेरच्या यंत्राशी बोलणं तुटल्याचा. त्यामुळे कोड दिसला की आधी कागदावर लिहून घ्यावा. मेन स्विच बंद-चालू करणारा उत्साही मनुष्य प्रत्येक कचेरीत असतो. तो पुष्कळदा पुरावाच पुसून टाकतो. मग त्या मॉडेलचं पुस्तक पाहावं, पुष्कळदा यादी यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असते. पडदा कोराच असेल तर आधी फ्यूज पाहावा, आणि खालचं पाण्याचं ताटही. निचऱ्याची नळी तुंबली की ताट भरतं, तरंगणारा खटका वर येतो आणि काही यंत्रांत वीजच तोडतो. फिल्टर तर पहिल्यांदा पाहावा, कारण तो धुवायचा असतो ही बातमी फार थोड्यांपर्यंत पोचली आहे. आणि एवढं करून यंत्र लगेच सुरू झालं नाही तर गप्प बसावं. काँप्रेसर जपण्यासाठी ते मुद्दाम काही मिनिटं थांबतं. त्या मिनिटांत आमच्याकडे सर्वांत जास्त बटणं दाबली जातात.

आता राहिला प्रश्न, आकडा ठरवायचा कुणी? आपल्याकडे जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर लावूनच येतात, म्हणजे सरकारने भांडणाची सुरुवात कुठून करायची ते ठरवून दिलं आहे. अमेरिकेतल्या काही इमारतींत याहून पक्का बंदोबस्त असतो. तिथे भिंतीवरची डबी कुठेच जोडलेली नसते. लोक येतात, बटण दाबतात, गार वाटलं म्हणतात आणि कामाला लागतात. हे वाचल्यापासून आमच्या डबीच्या तारा कुठवर जातात ते एकदा पाहावं असं फार मनात आहे. पण डबी आहे मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये, आणि साहेब दर तासाला उठून ती इतक्या समाधानाने दाबतात की विचारायचा धीर होत नाही.