लाकडी कृत्रिम आमिष
लाकडी कृत्रिम आमिष हे गळाने मासेमारी करताना वापरले जाणारे, लहान माशाच्या आकाराचे साधन आहे. मरळसारखे शिकारी मासे त्याच्या हालचालीला भुलून झडप घालतात. फिनलंडमधील लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये बुचापासून असे आमिष कोरून त्यावर चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद चढवला होता.

== घडण ==
घरी आमिष बनवण्यास पांगाऱ्यासारखे हलके, वाळलेले लाकूड सोयीचे असते. चाकूने आकार देऊन पॉलिश पेपरने घासल्यावर पोटाच्या बाजूने लांब खाच पाडतात. तीत तोंडापासून शेपटीपर्यंत अखंड पोलादी तार बसवतात. लाकडात नुसती रोवलेली कडी मोठा मासा उपटून काढतो. वजन पोटाशीच ठेवतात, अन्यथा आमिष पाण्यात उलटते. तोंडाखालील तिरप्या पट्टीवर पाण्याचा दाब पडल्याने ओढताना ते खाली जाते व डुलते. लाकूड पाणी शोषून फुगू नये म्हणून सीलर लावतात. नंतर गळ अडकवून बादलीत तोल तपासतात आणि मगच खाच बुजवून रंग व वॉर्निश देतात.

== दक्षता ==
शिसे विषारी असल्याने अंबरनाथजवळील चिखलोली धरणासारख्या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांसाठी पितळी वजन अधिक योग्य ठरते. महाराष्ट्रातील अनेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यामुळे गळ टाकण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते.