काटा काय मोजतो?

आजीचा मोगरा मी मारला. मुद्दाम नाही, मीटर बघून बघून मारला.

आजी गेली त्या वर्षी आईने मामाच्या घरामागच्या मोगऱ्याची एक दाबकलम केलेली फांदी पुण्याला आणली आणि आमच्या सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत लावली. नंतर ती ताईच्या बाळंतपणाला दोन महिने गेली. जाताना एवढंच म्हणाली, "बोट घालून बघायचं, मगच पाणी घालायचं." मी सॉफ्टवेअरवाला. बोट हे काय युनिट झालं? मी ऑनलाइन चारशे रुपयांचा थ्री-इन-वन मीटर मागवला. ओलावा, उजेड आणि पीएच, तिन्ही एकाच डबीत, आणि बॅटरी नाहीच. दोन दांड्या मातीत खुपसायच्या, १ ते १० मध्ये काटा कुठे थांबतो ते बघायचं.

काटा लाल पट्ट्यात होता, म्हणजे कोरडं. पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल, पुन्हा पाणी. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडून गळायला लागली. शेवटी कुंडी उलटी केली तर मुळं काळी, लिबलिबीत, आणि कोकोपीट मुठीत पिळलं की पाणी गळत होतं.

आई परत आली, रिकामी कुंडी बघितली आणि काहीच बोलली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आपल्या धंद्यात प्रॉडक्शन पडलं की आधी बग पुन्हा घडवून बघतात. घरात इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर होतं. ग्लासभर घेऊन त्यात मीटरच्या दांड्या बुडवल्या. काटा जेमतेम हलला. पाण्यात बुडालेला मीटर मला सांगत होता की कोरडं आहे! मग चिमूटभर मीठ टाकून ढवळलं, आणि काटा थेट निळ्या टोकाला गेला. पाणी तेवढंच होतं, वाढलं ते फक्त मीठ.

डबी उघडली तर आत चिप वगैरे काही नाही. काटा हलवणारं करंट मीटर, उजेडासाठी छोटा सोलर सेल, एक स्विच. आणि दांड्या दोन वेगवेगळ्या धातूंच्या. म्हणजे व्होल्टाने १८०० साली जस्त आणि चांदीच्या चकत्यांमध्ये खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवून जी वीज काढली, तीच युक्ती. इथे पुठ्ठ्याच्या जागी आपली कुंडी. बॅटरी का लागत नाही, तर मातीत खुपसल्यावर मीटर स्वतःच बॅटरी होतो. ती किती करंट देईल हे पाण्यावर ठरतं, पण त्यात विरघळलेल्या क्षारांवर आणि माती दांडीला किती घट्ट चिकटली आहे यावरही ठरतं. भुसभुशीत कोकोपीटचा दांडीला धड स्पर्शच होत नाही. वर मी रोज पाणी ओतून त्यातले क्षार खालच्या भोकातून धुऊन काढत होतो. मी जितकं पाणी घालत गेलो, तितकं ते मीटरला कोरडं वाटत गेलं असणार.

हे कुणाच्या आधी लक्षात आलं नव्हतं का, म्हणून शोधायला लागलो, आणि थेट १८९७ मध्ये पोचलो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मृदा विभागात मिल्टन व्हिटनी, फ्रँक गार्डनर आणि लायमन ब्रिग्ज या तिघांनी मातीत इलेक्ट्रोड पुरून विजेच्या रोधावरून ओलावा मोजायची पद्धत मांडली. व्हिटनींचं ठाम मत होतं की पिकाचं भवितव्य मातीच्या रसायनापेक्षा तिच्या पोतावर आणि पाण्यावर ठरतं. या मतावरून त्यांचे पुढे कडाक्याचे वाद झाले. अशा माणसाला शेतात जागच्या जागी पाणी मोजणारं यंत्र किती हवंसं वाटलं असेल! पण रोध नुसता पाण्याने बदलत नाही. तो क्षारांनी बदलतो, तापमानाने बदलतो. आमच्या कुंडीतला बग तेव्हापासूनचा आहे.

मला आवडलेली गोष्ट पुढची. त्याच वर्षी व्हिटनी आणि मीन्स यांनी प्रश्नच उलटा केला. क्षारांमुळे आकडा बिघडतो ना, मग याच पद्धतीने क्षारच मोजू. मातीत पाणी कालवायचं, म्हणजे ओलाव्याचा प्रश्न मिटला, आणि मग वीज किती सहज वाहते ते बघायचं. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या खारवट जमिनींच्या पाहणीत ही पद्धत कामाला आली. बगचं फीचर झालं हा आमचा घासून गुळगुळीत झालेला विनोद, इथे तो अक्षरशः घडला.

तिघांपैकी ब्रिग्जनी पाण्याचा नाद सोडला नाही. १९१२ मध्ये त्यांनी शँट्झ यांच्यासोबत दाखवलं की रेताड मातीत थोडंसं पाणी उरेपर्यंत झाड तग धरतं, आणि चिकण मातीत त्याच्या कितीतरी पट पाणी शिल्लक असतानाच कोमेजतं, कारण ती माती पाणी सोडत नाही. म्हणजे सगळ्या कुंड्यांना एकच १ ते १० ची पट्टी लावणं मुळातच गंमत आहे. (हेच ब्रिग्ज १९३९ मध्ये रूझवेल्ट यांनी नेमलेल्या युरेनियम समितीचे प्रमुख झाले, आणि म्हातारपणी बेसबॉल हवेत वळतो कसा यावर प्रयोग करत बसले. असं करिअर हवं.)

क्षारांच्या गोंधळावर सगळ्यात देखणा उपाय निघाला १९४० मध्ये, मिशिगनमध्ये. जॉर्ज बुयुकोस आणि मिक यांनी इलेक्ट्रोड प्लास्टर ऑफ पॅरिसच्या ठोकळ्यात बसवून तो ठोकळा मातीत पुरला. जिप्सम पाण्यात किंचित विरघळतं, त्यामुळे ठोकळ्यातलं पाणी कायम जिप्समनेच भरलेलं असतं आणि बाहेरच्या क्षारांचा चढउतार आत फारसा जाणवत नाही. ठोकळा हळूहळू झिजतो, ती त्याची किंमत. १९८० मध्ये कॅनडातल्या टॉप, डेव्हिस आणि अ‍ॅनन यांनी वेगळाच रस्ता पक्का केला. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५. इतका फरक असेल तर मातीतून विद्युत स्पंद पाठवून त्याला लागणाऱ्या वेळावरून पाणी काढता येतं. आज आर्डुइनोसोबत मिळणारे स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सर याच फरकावर चालतात. माझा मीटर मात्र व्होल्टाच्याच काळात राहिला होता.

दिवाळीत मामाकडे गेलो. मिरजेजवळ, कृष्णाकाठच्या पट्ट्यात. बॅगेत मीटर होता. मामाचं खालचं रान क्षारपड झालंय. वर्षानुवर्षं उसाला पाटपाणी, निचरा नाही, आता मातीवर पांढरा पापुद्रा येतो. मी तिथे दांड्या खुपसल्या. माती जेमतेम दमट, काटा थेट निळ्या टोकाला. शेजारी ऊस माना टाकून उभा होता, कारण खारट पाणी मुळांना ओढताच येत नाही.

"काय सांगतंय तुझं यंत्र?" मामा म्हणाला.

"पाणी भरपूर आहे म्हणतंय."

मामा हसला नाही. घरात जाऊन माती तपासणीची पत्रिका घेऊन आला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. विद्युत वाहकता. "हे कसं मोजत्यात रं?"

मी सांगितलं. मातीत पाणी कालवतात, दोन इलेक्ट्रोड बुडवतात. व्हिटनींचं नाव घेतलं नाही, पण होतं ते तेच. मामा बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला. जमिनीखाली निचऱ्याचे पाइप घालायचे तर खर्च मोठा, आणि वरच्या-खालच्या शेतकऱ्यांनीही तयार व्हायला हवं, नाहीतर पाणी काढून सोडणार कुठे? ते बोलणं रात्री जेवताना आईसमोर पुन्हा निघालं आणि तसंच अर्धवट राहिलं.

निघायच्या दिवशी मामाने आजीच्या मोगऱ्याच्या दोन फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून दिल्या, आणि सिमेंटच्या पिशवीत माती भरली. मी म्हटलं, "मामा, रानातली नको."

"घरामागची हाय," मामा म्हणाला. "आईनं धुणंभांड्याचं पाणीबी कधी तिथं जाऊ दिलं न्हाई."

गाडीत आईने पिशवी मांडीवरच ठेवली. कराडच्या पुढे तिने तोंड उघडून मातीत बोट घातलं, आणि मग माझा हात धरून माझंही बोट आत घातलं.