खेळण्यातल्या रेसिंग कारची चॅसी पितळेची का बनवतात?

मंडळी, रत्नागिरीतल्या जुन्या घराच्या माळ्यावर पितळेची घागर किंवा तपेलं हमखास सापडतं. याच पितळेतून जगभरातले हौशी लोक घरच्या घरी रेसिंग कारचा सांगाडा, म्हणजे चॅसी बनवतात. कशी, ते पाहूया.

स्लॉट कार ही ट्रॅकवरच्या खाचेतून धावणारी विजेची छोटी गाडी. खऱ्या गाडीच्या साधारण १/२४ किंवा १/३२ आकाराची. गाडीच्या पुढच्या टोकाला खाली एक पाकळी असते. ती खाचेत बसते आणि तिच्या बाजूच्या तारेच्या वेण्यांमधून मोटरला वीज मिळते. स्टिअरिंग नाही, हातातल्या कंट्रोलरने फक्त वेग कमी-जास्त करायचा. १९५७ मध्ये इंग्लंडच्या फ्रेड फ्रान्सिस यांनी 'स्केलेक्स्ट्रिक' आणलं आणि १९६० च्या दशकात अमेरिकेतही या खेळाचं वेड पसरलं.

वळणावर वेग जास्त झाला की गाडी खाचेतून उडते. मग गाडी हलकी हवी की जड? जड हवी, पण वजन अगदी तळाशी. पितळ अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं. त्याची पातळ चॅसी ट्रॅकलगत राहिली की गुरुत्वमध्य खाली जातो आणि गाडी सहज उलटत नाही.

दुसरं कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे. पितळेच्या भांड्यात आमसुलाचं सार कळकतं, म्हणून आतून कल्हई करतात. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागराने मळ काढतो आणि कथील फिरवतो. सोल्डरिंगचं तत्त्व हेच: धातू स्वच्छ करा, फ्लक्स लावा, मग वितळलेलं कथील त्याला घट्ट धरतं. अ‍ॅल्युमिनियमवर हे इतक्या सहज जमत नाही.

चॅसी बनवायची कशी?

१. सपाट फरशीवर मधली रेघ आणि दोन्ही आसांच्या जागा आखा.
२. पितळी पट्ट्या, सळ्या कापून पॉलिश पेपरने घासा.
३. आस फिरण्यासाठी पितळी नळ्या आखलेल्या जागी, मधल्या रेघेशी काटकोनात बसवा.
४. आधी सगळीकडे छोटे टाके द्या. चारही चाकं टेकतात का पाहा, मगच सांधे पक्के करा. एकाच बाजूला सलग उष्णता दिली तर चॅसी वाकते.
५. मागे मोटर, पुढे पाकळी बसवा.

शेवटी फ्लक्स धुऊन टाका, नाहीतर कोकणच्या दमट हवेत सांधे हिरवे पडतील.

सोल्डरमध्ये बऱ्याचदा शिसं असतं. त्यामुळे काम खिडकीजवळ करा, नंतर हात धुवा आणि हे सोल्डर जेवणाच्या भांड्याला कधीही लावू नका. आणि हो, आजीची घागर कापू नका. पितळेची पट्टी आणि नळी विकत मिळते!