ध्रुवप्रदेशांतील प्राचीन मनुष्यवस्ती व लोकमान्यांचा सिद्धान्त

लोकमान्य टिळकांचा 'आर्क्टिक होम इन दि वेदाज' हा ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. उषःसूक्तांतील दीर्घ उषा, तैत्तिरीय संहितेंतील तीस उषा व तैत्तिरीय ब्राह्मणांतील संवत्सरात्मक देवदिन यांवरून आर्यांचें मूलस्थान ध्रुवसंनिध असावें, असें त्यांनीं प्रतिपादिलें. शंका रास्त होती. आमच्या दिवाळ्यास, १९ अक्षांशावर, पहांटेच्या पहिल्या उजेडापासून सूर्योदयापर्यंत जेमतेम सवातीन घटका लोटतात. अनेक दिवसांची उषा येथील कवीस कोठून दिसावी? उलट ना. भ. पावगी यांनीं १९१५ सालीं सप्तसिंधु हेंच मूलस्थान मानून आर्य तेथून उत्तरेस गेले, असा पक्ष मांडिला. ध्रुववृत्तांतील हिमयुगीन वस्तीचा उत्खननसिद्ध पुरावा तेव्हां उभय पक्षांपाशीं नव्हता.

आतां तो आहे. सायबेरियांत याना नदीच्या तीरीं, सुमारें ७१ अक्षांशावर, २००१ पासून झालेल्या उत्खननांत दगडी हत्यारें, मॅमथाच्या दांताच्या वस्तु व नेढ्याच्या सुया सांपडल्या. ही वस्ती सुमारें ३२,००० वर्षांपूर्वींची ठरते. त्याहून उत्तरेस, ७६ अक्षांशावरील झोखोव्ह बेटावर, सुमारें ९,००० वर्षांपूर्वीं रेनडिअर व पांढरें अस्वल मारणारे, कुत्र्यांच्या घसरगाड्या वापरणारे लोक राहत होते.

मनुष्य तेथें राहूं शकतो, एवढी गोष्ट यावरून निर्विवाद सिद्ध झाली. परंतु सिद्धान्ताची कालगणना मात्र ढांसळते. टिळकांच्या मतें तेथील सौम्य हवामान हिमप्रलयानें इ. स. पू. १०००० ते ८००० च्या सुमारास नष्ट झालें व आर्य बाहेर पडले. आजच्या भूस्तरशास्त्राप्रमाणें हिमाचा कळस २०,००० वर्षांहून पूर्वींचा असून त्या सुमारास हिम ओसरत होतें. यानाचे लोक तर ऐन हिमयुगांत नांदले; आणि जो प्रदेश टिळकांनीं उजाड मानिला, तेथें त्यानंतर झोखोव्हची वस्ती होती.

शिवाय हाडांस भाषा नसते. यानाच्या दोन दुधाच्या दांतांवरून २०१९ सालीं आनुवंशिक परीक्षा झाली. तींतून एक निराळाच प्राचीन वंश दिसला, मंत्र दिसले नाहींत. ऋग्वेदाची रचना सामान्यतः इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकांतील मानितात. मधील अंतर हजारों वर्षांचें आहे.

पोथ्यांच्या संग्राहकांस हा न्याय परिचितच आहे. ज्या पेटींत पोथी सांपडली, त्या पेटीचा शक पोथीस लावतां येत नाहीं. तो पुष्पिकेनेंच सांगावा लागतो. भूमीची साक्ष भूमीपुरती, व मंत्रांची मंत्रांपुरती. दोहोंस जोडणारा दुवा सांपडेपर्यंत टिळकांचा मूळ प्रश्न जिवंत, व त्यांचें उत्तर असिद्ध, असेंच आम्ही समजतों.