फोटोतलं पांढरं आभाळ: आजी खरी की कॅमेरा?

आजचा भाग एका घरगुती भांडणातून निघालाय.

आमच्या यवतमाळच्या घरात एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. 1978 चा श्रावण, आजोबा पऱ्हाटीच्या वावरात उभे. वरचं आभाळ कोऱ्या कागदासारखं. आजी मात्र ठाम, "आठ दिवसांची झड त्याच दिवशी उघडली. आभाळ निळंशार होतं, पांढरे ढग होते. त्या उघाडीनंच पीक वाचलं." मग खोटं कोण, आजी की कॅमेरा?

त्यात परवा मी सहस्रकुंडला लेन्सवर फिल्टर लावला, तर दादा म्हणतो, "खोटं आभाळ दाखवतो का बे?"

दोन्हीचं उत्तर इतिहासात आहे.

1851 मध्ये ओल्या कोलोडियन काचेची पद्धत आली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 ला. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणारे रॉबर्ट गिलही त्याच दशकात कॅमेऱ्याकडे वळले. पण त्या काचेला मुख्यतः निळाच प्रकाश कळायचा. लाल माती काळी पडायची आणि निळं आभाळ जास्त उजेड खाऊन पांढरंफट्ट. ढग त्यातच हरवायचे.

यावर फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यांनी जुगाड काढला. समुद्राची एक निगेटिव्ह, आभाळाची दुसरी, आणि दोन्ही मिळून एक प्रिंट! म्हणजे आभाळ चिकटवणं हे फिल्टरपेक्षा जुनं आहे बरं का.

1873 मध्ये बर्लिनच्या हर्मान फोगेल यांना दिसलं की काचेवरच्या रसायनात योग्य रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवाही कळतो. आता पिवळा फिल्टर कामाचा झाला. तो निळा प्रकाश अडवतो, म्हणून आभाळ गडद होतं आणि ढग उठून दिसतात. 1906 मध्ये इंग्लंडच्या रॅटन कंपनीने सगळे रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात आणल्या, आणि लाल फिल्टरचा रस्ता मोकळा झाला.

1927 मध्ये अॅन्सेल अॅडम्स अमेरिकेतल्या हाफ डोमसमोर उभे होते. पिवळ्या फिल्टरने समाधान होईना. शेवटच्या काचेवर त्यांनी गडद लाल फिल्टर लावला आणि आभाळ जवळजवळ काळं आलं. तसं ते डोळ्यांना दिसलं नव्हतं, मनाला वाटलं होतं. म्हणजे दादाचंही थोडं खरंच आहे.

आज डिजिटलमध्ये हे रंगीत फिल्टर सॉफ्टवेअरमध्ये करता येतात. पण पोलरायझरची जागा सॉफ्टवेअर नीट भरून काढत नाही. नवशिक्यांनी तोच आधी घ्यावा. सूर्य डाव्या किंवा उजव्या खांद्याकडे ठेवा आणि फिल्टर हळूहळू फिरवा, निळा गडद होताना दिसेल. फार वाइड लेन्सवर मात्र आभाळ एका बाजूला काळपट, एका बाजूला फिकं येतं. आणि ढगाळ दिवशी आभाळासाठी त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे वरून काळसर, खालून पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड फिल्टर लावा.

फिल्टर आभाळात काही घालत नाही, फक्त काढून टाकतो. किती काढायचं, ती जबाबदारी आपली.

आणि आजोबांचा फोटो? 1978 च्या फिल्मलाही निळा आपल्या डोळ्यांपेक्षा जास्तच दिसायचा, आणि फोटो काढणाऱ्याने उजेड आजोबांच्या चेहऱ्यावर धरला असणार. म्हणून आभाळ गेलं.

आजीचंच खरं होतं. हे तिला सांगितलं, तर म्हणाली, "मले माहीतच होतं."

भेटू पुढच्या भागात!