समकक्ष जालप्रसारण

समकक्ष जालप्रसारण : दृक्‌श्राव्य सामग्री एकाच मध्यवर्ती संगणकावरून न घेता, ती पाहणाऱ्यांच्या संगणकांनी परस्परांना पुरविण्याची पद्धती. तीस पीअर-टू-पीअर स्ट्रीमिंग असेही म्हणतात.

या पद्धतीमागील देवाणघेवाणीचे तत्त्व मात्र जुने आहे. सांताक्रूझलगतच्या जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी (स्थापना १९८५) व पवईची आय. आय. टी. यांचे संगणक १९८६-८७ मध्ये दूरध्वनीच्या तारेने जोडण्यात आले. ‘अर्नेट’ या शैक्षणिक जालाचा हा प्रारंभ होय. युनिक्स प्रणालीवरील यूयूसीपी आज्ञावलीद्वारे प्रत्येक संगणक शेजाऱ्याकडून पत्रे घेई, साठवी व पुढे धाडी; निव्वळ घेणारा असा कोणी नसे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. पुढे घरगुती संगणक मुख्यतः ग्राहकच बनला.

बिटटॉरेंट (२००१) व पीअरकास्ट (२००२) यांनी जुने तत्त्व पुन्हा रुजविले. शंभर प्रेक्षकांना प्रत्येकी दोन मेगाबिट वेगाने चित्र द्यावयाचे, तर मध्यवर्ती संगणकावर दोनशे मेगाबिटांचा भार पडतो. प्रेक्षकांनी निम्मे तुकडे एकमेकांस दिल्यास तो शंभरावर येतो.

पीअरट्यूब (पहिली स्थिर आवृत्ती २०१८, थेट प्रसारण २०२१ पासून) ही मुक्त आज्ञावली लिनक्स संगणकावर बसविता येते. त्यासाठी प्रथम नोड, पोस्टग्रेस, रेडिस, एफएफएमपेग व एनजिनएक्स या आज्ञावल्या लागतात. मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र खाते व माहितीसंच तयार करून पीअरट्यूब पार्श्वसेवा म्हणून सुरू करतात. थेट चित्र सामान्यतः १९३५ क्रमांकाच्या पोर्टवरून आत येते. एफएफएमपेग त्याचे लहान तुकडे करते व प्रेक्षकांचे ब्राउझर ते आपसांत वाटून घेतात.

या पद्धतीत पाहणारा हा वितरकही ठरतो. त्याचा जालपत्ता इतर प्रेक्षकांच्या संगणकांस कळू शकतो आणि परवानगीविना सामग्री पुढे गेल्यास प्रताधिकार अधिनियम, १९५७ चा प्रश्न उद्‌भवतो. शिवाय, अनेक घरगुती जोडण्यांचा पाठविण्याचा वेग घेण्याच्या वेगाहून बराच कमी असतो. सर्वांनी घ्यावयाचे व कोणी द्यावयाचे नाही असे झाल्यास सारा भार पुन्हा मध्यवर्ती संगणकावरच येतो. समकक्ष जालाचे सामर्थ्य यंत्रांच्या संख्येपेक्षा त्यांच्या देण्यावर अवलंबून असते.